हसाजी नावाच्या मागावर

धाराशिवचे असाल तर एका गावाची दोन नावं सांभाळायची सवय तुम्हाला आहेच. २०२३ पर्यंत एसटीच्या पाटीवर उस्मानाबाद होतं आणि घरातली म्हातारी माणसं बाजाराला मात्र धाराशिवला जायची. आता पाटीवर धाराशिव आलं, तरी दहावीच्या सनदेवर आणि जुन्या सातबाऱ्यावर उस्मानाबाद राहिलंच आहे. कागदातलं नाव एक, तोंडातलं दुसरं. यात तुम्हाला काही नवल वाटत नाही, म्हणून या प्रवासाला तुमच्यासारखा सोबती बरा. आपल्याला एका नावाचा माग काढायचा आहे. नाव आहे हसाजी.

ऐकायला अगदी मराठमोळं. शहाजी, मालोजी, कान्होजी यांच्या पंगतीत बसवलं तर कुणाला वेगळं वाटणार नाही. हंबीरराव मोहित्यांचं मूळ नाव हंसाजी. त्याच्यापासून तर हे एका अनुस्वाराएवढंच लांब. पण हसाजी हे यहुदी नाव आहे, अडीच हजार वर्षांहून जुनं, आणि आज ते आपल्या बाळाला ठेवणारं घर सापडणं कठीण.

सुरुवात घराजवळून करू. तेरला चला. साल साधारण इसवी सन साठ. तेरणा तीच आहे, काळी मातीही तीच, फक्त गोरोबाकाका जन्मायला अजून बाराशे वर्षं आहेत. या गावाला इथले व्यापारी तगर म्हणतात. नदीकाठी जाड्याभरड्या कापडाचे गठ्ठे बांधणं चाललंय, बाजूला तलम मलमलीच्या घड्या झाडपाल्यात गुंडाळून ठेवल्यात. गाडीवान तुम्हाला मागच्या गाडीत, गठ्ठ्यांच्या वर जागा करून देतो. इथून पैठण दहा दिवस. पैठणहून भडोच आणखी वीस दिवस. हे अंतर मी सांगत नाही. याच सुमारास इजिप्तकडचा कुणी एक ग्रीक व्यापारी आपल्या टिपणवहीत ते लिहून ठेवतोय. पेरिप्लस नावानं ती वही पुढे जगभर वाचली जाईल. वाटेत धड रस्ते नाहीत, हेही त्यानं नोंदवलंय. गाडीत बसल्यावर पहिल्याच ओढ्यात तुम्हाला ते पटतं.

भडोचपर्यंत जायचं कारण नाही. मध्येच तांडा सोडून घाट उतरायचा, की समुद्र. त्याच वहीत कोकणच्या किनाऱ्यावरच्या बंदरांत सिमुल्ला असं नाव आहे. ते चौल. इथं उभं राहिलं की कळतं, तेरची हस्तिदंती बाहुली आणि तिकडे इटलीत पॉम्पेईच्या राखेतून निघालेली तिची बहीण, या दोघी इतक्या सारख्या का दिसतात. गलबतं येतात, गलबतं जातात. खलाशांच्या गर्दीत ग्रीक ऐकू येते, अरबी ऐकू येते. बाहुली इथून तिकडे जाऊ शकते तर एखादं नाव तिकडून इकडे यायला काय हरकत आहे?

चौलच्या उत्तरेला थोड्या अंतरावर नवगाव. इथं मात्र आपली गाडी थांबत नाही. कोकणातले बेने इस्राएल, म्हणजे इथले यहुदी, सांगतात की त्यांच्या पूर्वजांचं जहाज याच किनाऱ्याजवळ फुटलं, सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या, बाकीच्यांना नवगावात पुरलं. कुणी ही गोष्ट इसवी सनापूर्वी पावणेदोनशे वर्षं मागे नेतं, कुणी बरंच अलीकडे आणतं. काळातून फिरणाऱ्याला एवढी अडचण असते: दंतकथेला तिथी नसते आणि तिथीशिवाय उतरता येत नाही. तेव्हा लांबूनच बघा आणि गोष्टीतला एक तपशील तेवढा सोबत घ्या. जहाजाबरोबर त्यांची पुस्तकंही बुडाली. किनाऱ्यावर आलं ते फक्त तोंडात होतं ते.

आता उतरू ते १७३८ साली. कुलाब्यात आंग्र्यांचा अंमल आहे, खाली जंजिऱ्यात सिद्दी. अलिबागजवळचं एखादं गाव धरा. भातखाचरं, नारळ, आणि एका वाडीत घाण्याची कुरकुर. खोबरेल आणि तिळाचा वास अंगणभर. आज शुक्रवार आहे, म्हणून घाणा चालू आहे. उद्या तो बंद. गावातल्या दुसऱ्या तेल्यांहून ही माणसं वेगळी ओळखता यावीत म्हणून गावानं त्यांना नाव दिलंय, शनवार तेली. सोमवारी बैल सोडणारे ते सोमवार तेली, शनिवारी सोडणारे हे. यापलीकडे गावाला त्यांच्या धर्माची चौकशी करायची गरज वाटलेली नाही.

“पाहुणे, कुठले?” घाण्याजवळचा म्हातारा विचारतो.

“घाटावरचे,” तुम्ही म्हणता. खोटं नाही.

अंगणात लगबग आहे. घरात मुलगा झालाय, आज आठवा दिवस, सुंता व्हायची आहे. एक खुर्ची नीट पुसून, कापड घालून रिकामी ठेवलीय. तिच्यावर कुणी बसायचं नाही, ती एलियाहू नबीची. धर्माचं बघायला जो आलाय त्याला लोक काझी म्हणतात. दाविद राहबी नावाच्या एका परक्या यहुदी माणसानं पूर्वी कधीतरी येऊन तीन घरांना थोडं शिकवलं, त्या घरांकडे हे काम वंशपरंपरेनं आलंय अशी त्यांची आठवण. काझीच्या हातात पुस्तक नाही. तो ‘शेमा’ म्हणतो, इस्राएलाला एका देवाची आठवण करून देणारं वचन, आणि अंगणातले सगळे त्याच्यामागून म्हणतात. त्यातल्या एकाही शब्दाचा अर्थ इथल्या कुणाला लावून दाखवता येणार नाही. याच १७३८ साली सार्टोरियस नावाचा एक मिशनरी या लोकांविषयी नेमकं हेच कळवतो: स्वतःला बेने इस्राएल म्हणवतात, पवित्र ग्रंथ जवळ नाही, शेमा तेवढा येतो.

ताटात मलिदा येतो. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, गूळ, वर फळांच्या फोडी. तुम्ही तो हातावर घेता आणि इकडचंतिकडचं बोलणं कानांवर पडू देता. इसाजी, अकुबजी, मुसाजी, एलोजी, समाजी, दाऊदजी. कान जरा लावला तर आत इसहाक, याकूब, मोशे, एलिया, शमुवेल, दाविद दिसतात. प्रत्येकाच्या शेवटी जी. आंग्र्यांच्या घरात कान्होजी, सेखोजी, मानाजी, तुळाजी. मग शेजारच्या घाण्यावर तरी जी का नसावा? मान द्यायची रीत जिथली तिथली.

आणि मग म्हातारा कुणाला तरी हाक मारतो, “हसाजी, पाणी आण रे पाहुण्यांना.”

सापडलं. एक दहा-बारा वर्षांचा पोरगा कळशी घेऊन येतो. तुम्ही ओंजळ धरता आणि पाणी पिऊन झाल्यावर विचारता, या नावाचा अर्थ काय.

म्हातारा तुमच्याकडे असं बघतो की घाटावर माणसं नावांचे अर्थ विचारत हिंडतात हे त्याला पहिल्यांदाच कळतंय. “अर्थ? त्याच्या आज्याचं नाव आहे.”

एवढंच उत्तर आहे आणि ते पुरेसं आहे. तीस वर्षांनी, १७६८ मध्ये, कोचीनचा बडा व्यापारी एझकिएल राहबी हॉलंडला पत्र लिहील आणि त्यात या लोकांचा उल्लेख करील: तेलाचे घाणे चालवतात, काही शिपाईगिरी करतात, शनिवारचा शब्बाथ आणि शेमा सोडून धर्मातलं फारसं ठाऊक नाही. त्या पत्राची गंमत आता लक्षात घ्या. लिहिणारा स्वतः त्याच नावाचा आहे. कोचीनचा एझकिएल आणि कोकणचा हसाजी हे एकच नाव. एक डचांशी व्यापार करणारा, हिब्रू वाचणारा, चिनी फरशांच्या सिनेगॉगमधला. दुसरा पायाला तेल लागलेला. समोरासमोर आले असते तर दोघांनीही एकमेकांना नावबंधू म्हणून ओळखलं नसतं.

इथून पुढे आपण एका माणसाच्या मागे जाऊ, कारण त्याच्या वडिलांचं नाव हसाजी आहे आणि ते कागदावर टिकलं आहे. समाजी हसाजी दिवेकर. स्वतःचं नाव, बापाचं नाव, गावाचं नाव. बेने इस्राएलांची आडनावं अशीच गावांवरून: पेणकर, रोहेकर, किहीमचे केहिमकर, राजपूरचे राजपूरकर, चौलचे चेऊलकर. आपल्याकडचे तेरकर किंवा परंडेकर जसे.

समाजी इंग्रज कंपनीच्या मुंबई फौजेत आहे, भावांसकट. दुसरं म्हैसूर युद्ध, १७८० ते १७८४. तुम्ही उतरता ते श्रीरंगपट्टणच्या कैदेत. कोंदट आहे. पलीकडच्या कोठडीत कुणीतरी सतत खोकतंय. मुंबईकडचे शिपाई आपसात मराठीत बोलतात, त्यामुळे तुम्हाला परकं वाटत नाही, पण बाहेर काय होणार हे कुणालाच ठाऊक नाही. इथून पुढचं मी बेने इस्राएलांच्या घरांत जसं सांगतात तसं सांगतो. कैद्यांना एकेक करून टिपूसमोर नेतात. समाजीला विचारतात, जात कोणती? तो म्हणतो, बेने इस्राएल. पडद्यामागे टिपूची आई बसलेली असते. कुराणात बनी इस्राईलांचं नाव वारंवार येतं, एका अध्यायाला तर ते नावच आहे, पण या नावाची जिवंत माणसं तिनं कधी बघितलेली नसतात. ती मुलाला सांगते, यांना मारू नकोस. समाजी सुटतो.

गोष्ट फार सुबक आहे आणि सुबक गोष्टींचा मला जरा संशय येतो. कैदेतून सुटलेल्या माणसाला आपण का सुटलो याचं कारण हवंच असतं. शिवाय इतिहासात त्या बाईचं नाव फख्रुन्निसा आहे, गोष्टीत ती नुसती टिपूची आई. नावाच्या जोरावर सुटलेल्या माणसाच्या गोष्टीत सोडवणारीला नाव नाही. पण एक भाग मला खरा वाटतो. त्या दरबारात समाजीनं स्वतःला यहुदी म्हटलेलं नाही. कोकणात तो शब्द कुणी वापरतच नव्हतं. पुढेही बराच काळ हे लोक यहुदी म्हटलं तर रागवायचे, ती त्यांना शिवी वाटायची. त्यानं घरात शिकवलं होतं तेवढंच सांगितलं.

कैदेत त्यानं नवस बोलला होता, सुटलो तर देवाचं घर बांधीन. १७९६, मुंबई. मांडवीजवळच्या दाट वस्तीत तुम्ही उभे आहात. चुन्याचा वास, ओल्या लाकडाचा वास, गवंड्यांची आरडाओरड. शाआर हारहमीम, दयेचं दार, हे या यहुदी प्रार्थनाघराचं, सिनेगॉगचं, हिब्रू नाव. लोक त्याला मशीद म्हणतात. पुढच्या शतकात दुसरी उभी राहील तेव्हा ही जुनी मशीद होईल. तुम्ही धाराशिवहून मुंबईला गेलात की सीएसएमटीच्या अलीकडे मस्जिद नावाचं स्टेशन लागतं. ते नाव याच मशिदीवरून पडलं असं बेने इस्राएल सांगतात.

आत बघा. पहिल्यांदाच या लोकांनी एकत्र येण्यासाठी एक छप्पर उभारलंय. आजवर प्रार्थना अंगणात, घाण्याशेजारी, बैल बांधलेल्या पडवीत झाली. समाजी हसाजी समोर उभा आहे. कोचीनच्या यहुद्यांशी त्याची आता ओळख आहे. धर्म कसा पाळायचा हे तो त्यांच्याकडे बघून शिकलाय. हस्तलिखित तोरा मिळवण्यासाठी तो पुन्हा कोचीनला जातो आणि १७९७ मध्ये तिथंच मरतो. त्याच्या नावाची गल्ली मुंबईत अजून आहे. मांडवीला जाऊन पाटी वाचा: सॅम्युएल स्ट्रीट. समाजी नाही. बापाचा हसाजी तर पाटीवर चढलाच नाही.

हे कधी झालं? त्यासाठी १८३२ कडे सरकू. मिशनरी जॉन विल्सन मुंबईत येऊन तीन वर्षं झालीत. या वर्षी तो बेने इस्राएलांसाठी हिब्रू व्याकरणाची प्रवेशिका काढतो आणि ती मराठीत काढतो. अमेरिकन मिशनच्या शाळा त्याआधीपासून आहेत, कोचीनहून आलेले यहुदी शिक्षकही आहेत. एका शाळेत मागच्या रांगेत बसा. जमिनीवर पोरं, मांडीवर पाट्या, खिडकीतून घोड्यांच्या टापा. पहिल्यांदाच या पोरांना ती लिपी दिसतेय जिच्यात त्यांची नावं मुळात लिहिलेली होती. उजवीकडून डावीकडे. शिक्षक एक नाव लिहितात. योद, हेत, झायिन, कोफ, आलेफ, लामेद. येहेझ्केल. मधला धातू हझक, म्हणजे बळकट असणं. शेवटचा एल, म्हणजे देव. देव बळ देतो, किंवा देव बळ देवो.

हसाजी नावाचं एखादं पोर त्या वर्गात असेलच. त्याला आज कळलं की आपल्या नावाला अर्थ आहे. शंभर वर्षांपूर्वी त्या म्हाताऱ्यानं तुम्हाला दिलेलं उत्तर आता चालणार नाही.

हे नाव पहिल्यांदा कुणाच्या अंगाला चिकटलं ते बघून येऊ. इसवी सनपूर्व ५९३, बाबिलोन. निप्पूरजवळ केबार नावाचा कालवा. सपाट मुलूख, वाळूचा वारा, कालव्यावर यरुशलेमहून पकडून आणलेल्या लोकांची वस्ती. चार वर्षांपूर्वी, ५९७ मध्ये, त्यांच्या राजासकट त्यांना इथं हलवलंय. त्यातला एक, बुझीचा मुलगा येहेझ्केल, पुरोहिताच्या घराण्यातला, पण मंदिर राहिलं दूर. त्याला दृष्टान्त होतो. देव त्याला सांगतो की या लोकांची कपाळं कठीण आहेत, ते तुझं ऐकणार नाहीत, म्हणून तुझं कपाळ मी गारगोटीहून कठीण करतो. मूळ हिब्रूत इथं हझक हाच धातू पुन्हा पुन्हा येतो. नाव ठेवताना आईबापांनी प्रार्थना केली असेल. देवानं तिचा शब्दशः अर्थ लावला. पुढे याच माणसाला एका सकाळी सांगण्यात येईल की तुझी बायको आज जाणार आणि तू रडायचं नाहीस. असलं बळ कुणी मागितलं होतं हा प्रश्न मला त्या पुस्तकात नेहमी पडतो.

स्वतःच्या एवढ्या मोठ्या ग्रंथात त्याचं नाव फक्त दोनदा येतं. सगळ्या हिब्रू बायबलात या नावाचा आणखी एकच माणूस आहे, इतिहासाच्या पुस्तकात यादीत आलेला एक पुरोहित. दाविद, याकूब यांच्यासारखं हे कधीच घरोघरी नव्हतं. इराकात मात्र ते धरून ठेवलं गेलं. हिल्ल्याच्या दक्षिणेला अल-किफ्ल इथं त्याची कबर मानतात, तिथं बगदादचे यहुदी पिढ्यान्पिढ्या जत्रेला जात. अरबीत तो हिज्कील झाला.

आता केबारच्या काठावर उभं राहून दोन वाटा बघा. एक वाट पंडितांची. हिब्रूतून ग्रीकात जाताना हेत हे घशातलं अक्षर गळालं, कारण ग्रीकांकडे त्याला जागा नव्हती. ग्रीकातून लॅटिन, लॅटिनमधून इंग्रजी: इझिकिएल. नाव लांबीनं शाबूत राहिलं, ह गेला. दुसरी वाट खलाशांची, तेल्यांची, शिपायांची, जिच्यावर कागद नाही. मुसा, दाऊद, हारून ही कोकणातली रूपं अरबी बंदरांच्या वळणाची दिसतात, तीच ही वाट. तिच्यावर नावाचं शेपूट तुटलं, देवाचा एल गळाला, झ चा स झाला, पुढे जी लागला. पण ह राहिला. मुळातल्या धातूचं पहिलं अक्षर घाण्यावरच्या माणसानं जपलं आणि ग्रंथालयवाल्यानं घालवलं. पोथी बुडाल्यावरही नाव टिकतं याचं मला फार कौतुक वाटत नाही, माणसं नावं ठेवतातच. कौतुक वाटतं ते नेमकं तेच अक्षर टिकल्याचं.

मराठी बायबलनं नंतर यहेज्केल लिहून ह परत आणला. पण तोवर शाळा, फौज आणि रेल्वेच्या नोकरीचे अर्ज इंग्रजीत भरायचे दिवस आले होते.

१८७४, पुणे. वल्हांडणाच्या रात्री वाचायची हग्गादा मराठी भाषांतरासह छापून निघतेय. छापखाना विठ्ठल सखाराम अग्निहोत्री यांचा. ओल्या शाईला हात न लावता मुखपृष्ठ वाचा: प्रकाशक मोझेस जेकब तळकर आणि अहरोन डॅनियल तळकर. मुसाजी नाही, अकुबजी नाही. तळकर तेवढं राहिलं. मुंबईत जोसेफ एझकिएल राजपूरकर प्रार्थनांची पुस्तकं मराठीत आणतायत. त्यांच्या वडिलांच्या नावातला हसाजी आता एझकिएल म्हणूनच छापला जातो. लोक शिकले, दुरुस्त झाले. दुरुस्त झालेल्या नावाला घाण्याचा वास येत नाही, हेही त्यात होतं. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. पुस्तकातलं नाव हातात आल्यावर तोंडातलं नाव अडाणी वाटणारच.

यातले सगळ्यांत जपून लिहिणारे गृहस्थ हाईम सॅम्युएल केहिमकर. १८७५ मध्ये त्यांनी मुलांसाठी शाळा काढली, तीच पुढे माझगावची सर एली कदूरी शाळा. १८९७ मध्ये त्यांनी आपल्या लोकांचा इतिहास इंग्रजीत लिहून पुरा केला, पण तो छापायला चाळीस वर्षं लागली. १९३७ मध्ये तो तेल अवीवहून निघाला. तेल अवीव हे शहराचं नाव ज्या पुस्तकातून उचललं ते येहेझ्केलचं; केबारवरच्या त्या निर्वासितांच्या वस्तीचं नाव तेल अबीब होतं. समाजी हसाजीची हकिगत आज सापडते ती केहिमकरांमुळे.

विसाव्या शतकातली मुंबई आपण ट्रामच्या वेगानं पार करू. वरळीला डॉ. ई. मोझेस रोड लागतो. हे डॉ. मोझेस १९३७-३८ मध्ये मुंबईचे महापौर होते. ई म्हणजे एलिया, आडनाव राजपूरकर. एलोजीचा एवढा एक ई उरला. भायखळ्याच्या बाजूला १९२४ मध्ये जन्मलेला एक पोरगा पुढे इंग्रजीतला मोठा कवी होतो, निस्सीम इझिकिएल. निस्सीम म्हणजे चमत्कार, अनेकवचनी. वडील मोझेस इझिकिएल वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक, मूळ घराणं तळकरांचं. मागच्या कुणा हसाजीचं नाव आधी इझिकिएल झालं, मग आडनाव होऊन बसलं, आणि गावाचं आडनाव घरंगळून गेलं. १९८३ मध्ये साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला तेव्हा देशभरच्या वर्तमानपत्रांत ते नाव छापून आलं, धाराशिवपर्यंतही पोचलं असणार. त्याच्या पोटात एक कोकणी नाव आहे हे तेव्हा कुणाला सांगायचं सुचलं नाही.

शेवटचा थांबा जेरुसलेम, १९६४ चा उन्हाळा. १९४८ नंतर हजारो बेने इस्राएल कोकण, मुंबई, पुणे सोडून इकडे आलेत. आणि आता इथल्या मुख्य रब्बींच्या कचेरीनं १९६२ मध्ये काढलेल्या एका सूचनेमुळे त्यांतले अनेकजण रस्त्यावर आहेत. लग्न नोंदवायला आलेला बेने इस्राएल असेल तर त्याच्या आईची, आजीची, शक्य तितक्या मागच्या पिढ्यांची चौकशी करा, अशी ती सूचना. कापडी मांडवाखाली तुम्ही बसता. डोक्यावरून पदर घेतलेल्या बायका आहेत, धोतरातला एखादा म्हातारा आहे, बोलणं मराठीत चाललंय. “आज्याचं नाव हसाजी,” एकजण दुसऱ्याला सांगतोय, “हे काय बामणाचं नाव आहे का मुसलमानाचं? पण त्या साहेबाला काही कळेना.” दुसरा म्हणतो, “तू सांगितलंस ना येहेझ्केल म्हणून?” “सांगितलं. मग तो म्हणतो, कागद दाखव.”

ऑगस्टात इस्रायलच्या सरकारनं आणि संसदेनं बेने इस्राएल सर्वार्थानं यहुदी असल्याचं जाहीर केलं. सूचनेतला त्यांचा वेगळा उल्लेख पुढे काढला गेला.

परत निघायच्या आधी दक्षिणेला, दिमोनाला चक्कर मारा. नेगेवच्या वाळवंटातलं नवं गाव, सिमेंटच्या चाळी, त्यांतल्या कितीतरी खोल्यांत मराठी. दुपारची शाळा सुटलीय. येहेझ्केल नावाच्या एका पोराला त्याचे मोरोक्कोवाले, रुमानियावाले मित्र खालून हाका मारतात: “हेझी! हेझी!” इस्रायलमध्ये या लांब नावाचं लाडकं रूप तेच. एल गळाला, मधला ह आणि झ तेवढा ठेवला. तोडायची जागासुद्धा कोकणातलीच.

जिन्यात तांदूळ निवडत बसलेली म्हातारी हे ऐकते आणि सुनेला विचारते, “काय गं, याला हसा म्हणतात का ही पोरं?”

“हसा नाही हो आई, हेझी.”

“तेच ते. मग जी कुठं गेला?”

“आठ वर्षांचा आहे तो,” सून म्हणते. “जी लावायला आधी मोठा तर होऊ द्या.”